गेट ठीक

शुक्रवारी सकाळी सव्वासातला बिलकिसचा फोन आला तेव्हा विभावरी गॅससमोर उभी राहून चहा उतू जाताना बघत होती. गेल्या आठ महिन्यांत तिचं हे असंच चाललं होतं. चहा वर येतोय हे दिसायचं, गॅस बंद करायला हवा हेही कळायचं, पण हात पुढे जाईपर्यंत ओट्यावर ओघळ आलेला असायचा. मग ती शांतपणे फडकं घ्यायची.

"भाभी, सुतळी पळाली," बिलकिस म्हणाली. "मी अंगण धूत होते. ईद आली ना. पाणी बाहेर काढायला गेट उघडलं, वायपर मारला, नि ती माझ्या बाजूनं अशी गेली, अशी गेली की मला दिसलीच नाय. इलियास गाडी घेऊन फिरतोय."

"हाका मारू नका. मागे धावू नका. इलियासभाईंना म्हणावं, गाडी हळू चालवा आणि हॉर्न वाजवू नका," विभावरी म्हणाली. हे सगळं ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती.

"तुम्ही रागावलात काय?"

"नाही," विभावरी म्हणाली, आणि ते खरं होतं. तिला राग आला नव्हता, भीतीही वाटली नव्हती. काहीच वाटलं नव्हतं. आखातातला मे महिना संपत आलेला, दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश ऊन, अबू हमूरचे ते रुंद रस्ते, आणि त्यात नाजूक कातडीची, हाडांवर केसांची नुसती साय असलेली एक ग्रेहाऊंड कुत्री. दोन दिवसांत सापडली नाही तर सापडून उपयोग नाही, हा हिशेब तिनं पाढा म्हणावा तसा मनात म्हटला आणि ओटा पुसून टाकला.

सुतळी हे नाव देवव्रतनं ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी तो तिला घरी घेऊन आला तेव्हा तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. कुणीतरी शर्यतीसाठी आणलेली, मग मंदावली म्हणून नकोशी झालेली. विभावरी म्हणाली होती, बिन महमूद भागातल्या आपल्या दोन खोल्यांत हे घोडं कुठे बांधायचं? देवव्रत म्हणाला, घोडं कसलं, सुतळी आहे नुसती, कोपऱ्यात गुंडाळून ठेवू. आणि खरोखरच ती कोपऱ्यात गुंडाळून राहिली. या जातीबद्दल लोकांचा गैरसमज असतो की ती दिवसभर पळते. ती दिवसाचे अठरा तास झोपते, आणि उरलेल्यात जेवणाची वाट बघते. पळते ती एखाद्या दिवशी, एकदाच, आणि तेवढ्यात तुमच्या तोंडचं पाणी पळवते.

टाकून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधणाऱ्या ज्या पाच-सहा जणांच्या टोळीनं सुतळी दिली, तिच्यात मग विभावरीही ओढली गेली. जॉर्डनचा जियाद टोळीचा म्होरक्या होता. त्यानं तिला फोनचं काम दिलं. ज्यांनी अशी कुत्री घरी नेली त्यांना तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करायचा, आणि मधे त्यांचा कधीही आला तर घ्यायचा. कुत्र्यांना आधाराची तशी फार गरज नसते. माणसांच्या नाकी नऊ येतात. अल मन्सूऱ्याच्या अनुष्कानं पहिल्याच दुपारी रडत फोन केला होता की काकू, तो गेला, डोळे उघडे आहेत. विभावरीनं तिला पोटाकडे बघायला सांगितलं. पोट वरखाली होत होतं. ही जात डोळे उघडे ठेवून झोपते, हे तिनं तोवर वीस जणांना सांगितलं होतं. त्यांना काच दिसत नाही, तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवा. मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा सुळकन निघून येतो, रुंद आणि आवळणारा घ्या. उन्हं वर आल्यावर फरशीवर पाय ठेवू देऊ नका. आणि गेट. गेट, गेट, गेट.

देवव्रत सप्टेंबरमध्ये गेला. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीवर. विभावरी त्याला घेऊन नाशिकला गेली, तेराव्यानंतर परत आली, शाळेच्या ऑफिसातल्या नोकरीवर रुजू झाली आणि दुसऱ्याच दिवशी फोन हातात घेतला. लोक म्हणायचे, तुमचा आवाज किती शांत आहे, बोलल्यावर धीर येतो. ती "थँक्यू" म्हणायची. आवाज शांत होता कारण आत कुणी नव्हतं, पण हे फोनवर सांगायची गोष्ट नव्हे.

सुतळी मात्र रोज संध्याकाळी सव्वापाचला दाराशी जाऊन उभी राहायची. देवव्रत त्या वेळी यायचा, कपडेही न बदलता तिला खाली फिरवून आणायचा, आणि वर आला की सोफ्यावर तिच्याशी अंगाला अंग लावून बसायचा. विभावरी रोज ओरडायची, कुत्र्याचा वास मारतोय, आधी आंघोळ, मग चहा. आता सुतळी तासभर उभी राहायची, मग पुढचे पाय आखडायचे, मग ती आडवी व्हायची. विभावरी सोफ्यावरून ते बघायची आणि तिला काही वाटायचं नाही. सहा महिने असं झाल्यावर तिनं ठरवलं की या जनावराला निदान ज्याला काही वाटतं असं माणूस मिळायला हवं.

इलियास परकार हा रत्नागिरीचा. देवव्रतच्या हाताखाली अकरा वर्षं साइटवर सुपरवायझर होता. तोच म्हणाला, "वहिनी, साहेबांची आहे, आमच्याकडं द्या. अंगणाच्या कडेला बाहेरची खोली आहे, एसी आहे, रिकामीच पडलीय." बिलकिसला ते सोपं नव्हतं. तिच्या माहेरी-सासरी सगळे शाफई पंथाचे, आणि त्यात कुत्र्याची लाळ लागलेली वस्तू सात वेळा धुवायची, त्यातून एकदा मातीनं, असा नेम. तिनं दोन दिवस विचार केला आणि मग विचारलं, ही जिना चढते का? विभावरीनं सांगितलं की हिला जिन्याची भीती वाटते. बिलकिसची नमाजाची खोली वरच्या मजल्यावर होती. व्यवहार तिथेच पक्का झाला.

नेम ती पाळायची मात्र काटेकोर. सुतळीची गादी, चादर, इलियासची तिला फिरवायची पॅन्ट, सगळं सात पाण्यांतून निघायचं. विभावरी फोन करायची तेव्हा मागे नळ चालू असायचा.

या घराच्या फॉर्मवर एक रकाना होता: घर स्वतः जाऊन पाहिलं का, गेट एक आहे की दोन, बंद कोण करतं. जियादनं तो मुद्दाम ठळक छापून घेतला होता. विभावरीनं आजवर प्रत्येक घरी जाऊन, गेट स्वतःच्या हातानं उघडून-लावून तो भरला होता. इलियासच्या वेळी ती गेली नाही. घरचाच माणूस, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी ती चप्पल घालून दारापर्यंत गेली, तिथे उभी राहिली आणि परत आत येऊन बसली. मग तिनं रकान्यात लिहिलं: गेट ठीक.

गेली असती तर पहिल्या मिनिटात दिसलं असतं. एकच गेट, थेट रस्त्यावर. अंगणाचा उतार गेटकडे, म्हणजे पाणी मारलं की ते उघडायलाच हवं. अशा घराला ती आतून जाळीचं दुसरं दार बसवून घ्यायची, त्याशिवाय सही करायची नाही.

शुक्रवारचा दिवस असाच गेला. इलियास सल्वा रोडपर्यंत फिरून आला. त्यांची मुलगी इनाया, दहा वर्षांची, तिनं सुतळीच्या फोटोचे कागद छापले आणि दर तासाला विभावरीला विचारलं, "आंटी, इज शी अलाइव्ह?" विभावरी म्हणायची, माहीत नाही. खोटं बोलावं इतकीही तिच्यात ताकद नव्हती.

संध्याकाळी जियादला एक फोन आला. अबू हमूरमध्येच, चर्चच्या आवारापलीकडे, बांधकाम बंद पडलेल्या एका प्लॉटवरच्या राखणदारानं कागद पाहिला होता. कुत्री तिथे मोठ्या सिमेंटच्या पाइपात बसली आहे, जवळ गेलं की पार भिंतीपर्यंत जाते, आणि भिंत एका बाजूनं पडलेली आहे.

जियादनं विभावरीला मेसेज केला. उद्या उजाडताना जा. तुम्ही आणि बिलकिस, दोघीच. तिच्या गादीचं किंवा तिच्या आवडत्या माणसाचं, न धुतलेलं काहीतरी घेऊन जा.

विभावरीनं बिलकिसला फोन लावला. मेसेज वाचून दाखवला.

"भाभी," बिलकिस म्हणाली, "घरात न धुतलेलं काय नाय. आज पहाटेच ईदची धुलाई काढली. गादी, चादर, इलियासचे कपडे, तिचा पट्टासुद्धा. सगळं सात पाण्यातून." ती रडायला लागली. "माझ्यानंच पळाली, नि आता परत आणायला पण मी काय ठेवलं नाय."

"तुझ्यामुळे नाही पळाली," विभावरी म्हणाली. "तुमचं गेट मी न बघता ठीक म्हणून लिहिलं. तिथे दुसरं दार बसवायला हवं होतं. ते बघणं माझं काम होतं आणि मी घरी बसून राहिले."

हे तिनं पत्ता सांगावा तशा आवाजात सांगितलं. बिलकिस रडत होती, त्यामुळे तिला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक.

"माझ्याकडे आहे एक," विभावरी म्हणाली.

कपाटात सगळ्यात वर, बॅगांच्या मागे, झिप लावलेल्या पिशवीत देवव्रतचा एक शर्ट होता. निळ्या चौकटीचा. नाशिकहून परत आल्यावर धुण्याच्या टोपलीत तळाला मिळाला होता, आदल्या दिवशी घातलेला. बाकीचे कपडे तिनं धुऊन, इस्त्री करून वाटून टाकले होते. हा एक फ्रोजन मटाराच्या रिकाम्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, झिप लावून ठेवला. आठ महिन्यांत एकदाही उघडला नाही. पिशवी उघडली की वास थोडा थोडा उडून जाणार, हे एक कारण होतं. दुसरं कारण असं की उघडून नाकाला लावला आणि तरीही काही वाटलं नाही तर काय, याची तिला धास्ती होती. वाटण्यासारखं घरात तेवढंच एक शिल्लक होतं.

शनिवारी पहाटे साडेचारला इलियासनं दोघींना प्लॉटच्या कोपऱ्यावर सोडलं आणि गाडी लांब नेऊन उभी केली. पूर्वेकडे राखाडी उजेड आला होता आणि हवा आताच गरम होती. राखणदार नसरुद्दीन, पेशावरकडचा, पन्नाशीचा माणूस, गेटाशी वाट बघत होता.

"आपा, रात को पानी रखा था मैंने, डिब्बा काट के," तो म्हणाला. "पिया है उसने. मगर पास नहीं आने देती."

विभावरीनं शुक्रन म्हणून त्याचे आभार मानले. मग पाइपांपासून वीसेक पावलांवर दोघी वाळूत बसल्या, पाइपांकडे पाठ करून. हीच पद्धत. घाबरलेल्या ग्रेहाऊंडकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, मालक असलात तरी नाही. ती अशा वेळी कुणालाच ओळखत नाही. खाली बसायचं, लहान व्हायचं, आणि तिच्या नाकावर सोडून द्यायचं. बिलकिसनं अबायाचा घोळ गुडघ्यांखाली दाबून घेतला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायला लागली.

विभावरीनं पिशवी मांडीवर घेतली. झिप ओढली. आधी शर्ट लगेच काढून ठेवणार होती ती, पण मग तिनं चेहरा पिशवीत घातला आणि खोल श्वास घेतला.

प्लॅस्टिकचा वास आला. त्यामागे थोडा मटाराचा. तिनं कॉलर हुंगली, काखेची शिवण हुंगली. कापडाचा वास होता, कुठल्याही दुकानातल्या कापडाचा असतो तसा. देवव्रत नव्हता. आठ महिने तिनं जे राखून ठेवलं होतं ते कधीच उडून गेलं होतं, किंवा तिचंच नाक गेलं होतं, बाकी सगळं गेलं तसं. दोन्हीचा अर्थ एकच, असं तिला वाटलं. तिनं शर्ट उलगडला, हात लांब करून मागे वाळूवर पसरला आणि पुन्हा समोर बघत बसली.

"मिळाला वास?" बिलकिसनं हळूच विचारलं.

"नाही."

बिलकिसनं विभावरीचा हात आपल्या हातात घेतला. साबणानं तिच्या हाताची कातडी खरखरीत झाली होती.

ऊन आलं. पाठीवर पडलं, मग मानेवर. लांब मोठ्या रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या. विभावरीनं घड्याळ बघितलं, सहा वाजून गेले होते. आणखी तासाभरात वाळू तापणार, मग कुत्री पाइपातून निघणार नाही, आणि उद्यापर्यंत टिकणार नाही. जियादला काय कळवायचं त्याची वाक्यं तिनं जुळवायला घेतली. गेट न बघता सही केली, हे वाक्य आधी घ्यायचं असं ठरवलं.

मग मागे वाळू किंचित करकरली.

बिलकिसचा हात घट्ट झाला. विभावरीनं मान वळवली नाही. फक्त फोन मांडीवर तिरका धरला. काळ्या काचेत मागचं थोडंसं दिसत होतं, पाइपाचं तोंड, आणि चार काड्यांसारखे पाय. पाय पुढे आले. थांबले. दोन पावलं मागे गेले. पुन्हा आले. बराच वेळ असं चाललं होतं. मग काचेत लांब तोंड खाली वाकलेलं दिसलं.

सुतळीनं शर्टाला नाक लावलं. लगेच उचललं नाही. बाहीवरून, बटणांवरून, काखेच्या शिवणीत, कॉलरखाली असं ते नाक फिरत राहिलं, आणि तिचा श्वास जोरजोरात ऐकू यायला लागला. मग तिनं मान वर केली आणि गेटाकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, कान पुढे करून उभी राहिली. संध्याकाळी सव्वापाचला राहायची तशीच. शर्ट इथे आहे म्हणजे माणूस येतच असणार.

कुणी आलं नाही. मग तिनं गुडघे मोडले, शर्ट पुढच्या पायांनी स्वतःखाली ओढला आणि हनुवटी त्यावर टेकून आडवी झाली.

म्हणजे तो होता. विभावरीला आला नव्हता तो वास तिथेच होता, अगदी स्वच्छ, आणि त्या मुक्या जनावराला तो पहिल्या श्वासात मिळाला होता. विभावरीला सुतळीचा हेवा वाटला. आठ महिन्यांत तिला वाटलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती चांगली नव्हती, पण वाटली.

ती बसल्या बसल्या मागे सरकली. वीतभर, आणखी वीतभर. हात न बघता मागे नेला, तर बोटांना गरम, धुळकट मान लागली. सुतळी हलली नाही. विभावरीनं सोबत आणलेला रुंद पट्टा तिच्या डोक्यावरून सरकवला, आवळला आणि दोरी मनगटाला दोनदा गुंडाळली.

"खलास," ती बिलकिसला म्हणाली. "झालं."

बिलकिस तिथेच वाळूत कपाळ टेकून सजद्याला वाकली.

इलियासनं गाडी आणली. सुतळीला मागच्या सीटवर चढवलं तेव्हा तिनं शर्ट तोंडात धरला होता आणि सोडायला तयार नव्हती. इलियासनं शर्ट ओळखला. तो दार धरून उभा राहिला आणि त्याला वहिनीकडे बघता येईना.

"वहिनी, घेऊ का काढून? मी हळूच काढतो."

"राहू दे," विभावरी म्हणाली.

इलियासच्या घरी आल्यावर पहिल्यांदा तिनं गेट बघितलं. उघडलं, लावलं. पाण्याच्या उतारावर पाय ठेवून बघितला. जाळीचं दार कुठे बसवायचं ती जागा इलियासला दाखवली, आजच्या आज बसवा म्हणाली, आणि तोवर अंगण धुवायचं नाही हे बिलकिसला बजावलं. इनायानं बाहेरच्या खोलीत पाण्याचं भांडं आणून ठेवलं. सुतळी पाणी प्यायली, गादीवर शर्ट टाकला, त्यावर तीन गिरक्या घेतल्या आणि झोपली. डोळे उघडेच. विभावरी तिच्याशेजारी फरशीवर बसली.

बिलकिस दाराशी उभी होती. शर्टावर लाळ होती, वाळू होती, एका बाहीवर थोडं रक्त होतं, पायाला काहीतरी लागलेलं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "भाभी, हा मी धुवायची नाय. गादी धुवीन. हा नाय."

विभावरीनं वाकून शर्टाची सुटी बाही उचलली आणि, का ते तिलाही ठाऊक नव्हतं, पुन्हा नाकाला लावली.

कुत्र्याचा वास आला. ऊन लागलेल्या केसांचा, धुळीचा, थोडा आंबूस. रोज संध्याकाळी सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात यायचा तो, तिच्या मागे उभं राहून चहा झाला का विचारायचा तो, ज्याच्यासाठी ती हजार वेळा म्हणाली असेल की आधी आंघोळ.

"आधी आंघोळ," विभावरी म्हणाली. आवाज शांत निघाला नाही. बाही तोंडावर दाबून ती फरशीवर आडवी झाली, सुतळीच्या पाठीला पाठ लावून, आणि बिलकिसनं दार हळूच ओढून घेतलं.

बाहेर इलियास टेप घेऊन गेटाची रुंदी मोजत होता.